चार माणसं, चार लॅपटॉप आणि टाळ्या : यात ‘लाइव्ह’ काय आहे?

रंगमंचावर चार माणसं एका रांगेत उभी आहेत. प्रत्येकापुढे एक उंच, अरुंद मेज आणि त्यावर लॅपटॉप. मागे भलामोठा पडदा. कोणी उड्या मारत नाही, कोणी ‘हात वर करा’ म्हणून ओरडत नाही, चेहऱ्यावरची रेषही फारशी हलत नाही. शेवटच्या गाण्यात एकेक जण कडेला येतो, वाकून नमस्कार करतो आणि आत निघून जातो.

जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फ शहराच्या ‘क्राफ्टवेर्क’ या गटाने २००४ मध्ये जगभर असे कार्यक्रम केले. त्यांतली निवडक २२ ध्वनिमुद्रणं जून २००५ मध्ये ‘मिनिमम-मॅक्सिमम’ या नावाने दोन सीडींवर आली. १९७० मध्ये सुरू झालेल्या गटाचा हा पहिला अधिकृत लाइव्ह अल्बम. पस्तीस वर्षांत पहिला!

आपल्याकडेही मोठ्या कार्यक्रमांची तिकिटं हजारोंच्या घरात गेल्यापासून एक कुरकुर हमखास ऐकू येते : ‘तो वर उभा राहून करतो काय? नुसतं बटण तर दाबतो.’ क्राफ्टवेर्कच्या बाबतीत ही शंका सगळ्यांत टोकाची होते, कारण त्यांच्याकडे लपायला ढोलवाला नाही की गिटारवाला नाही. म्हणूनच शंकेचा निकाल लावायला हा अल्बम उत्तम.

## हे लोक कोण?

क्राफ्टवेर्क म्हणजे वीजनिर्मिती केंद्र. राल्फ ह्युटर आणि फ्लोरियान श्नायडर या दोघांनी गट स्थापन केला आणि ‘क्लिंग क्लांग’ नावाचा स्वतःचा स्टुडिओ उभारला. १९७४ मध्ये त्यांचं ‘ऑटोबान’ आलं : महामार्गावरच्या मोटारप्रवासाचं बावीस मिनिटांहून लांब गाणं. बाजारात हवी ती वाद्यं मिळत नव्हती, तेव्हा ते स्वतः बनवत. धातूच्या सळईने पट्टीला स्पर्श केला की ठोका वाजेल असं विद्युत तालवाद्य त्यांनी वापरात आणलं आणि १९७७ मध्ये त्याचं अमेरिकन पेटंटही मिळवलं.

पुढचा प्रभाव सांगत बसलं तर लेख त्यातच संपेल. एवढंच सांगतो : हिपहॉपच्या सुरुवातीच्या काळातलं ‘प्लॅनेट रॉक’ हे १९८२ चं गाणं क्राफ्टवेर्कच्या दोन गाण्यांवर उभं आहे. आणि जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत ज्यांच्या तिकिटांसाठी झुंबड उडाली त्या कोल्डप्लेच्या ‘टॉक’ या गाण्याची मुख्य सुरावट क्राफ्टवेर्कच्या १९८१ मधल्या ‘कॉम्प्युटर लव्ह’वरून, रीतसर श्रेय देऊन, घेतलेली आहे.

## लेहरा कोण वाजवतो, याने फरक पडतो का?

तबल्याचं एकल वादन ज्यांनी ऐकलंय त्यांना पुढची गोष्ट पटकन कळेल. पेटीवाला किंवा सारंगीवाला तीनतालाच्या सोळा मात्रांत बसणारी छोटी सुरावट घेतो आणि तासभर तीच फिरवत राहतो. हा लेहरा. त्याने त्यात हरकती घेऊ नयेत, ठाम राहावं, हीच अपेक्षा. त्या फिरत्या पट्ट्यावर तबलजी कायदे, रेले, चक्रदार अशा रचना मांडतो आणि समेवर येतो. हल्ली रियाजाला लेहऱ्याची ॲप सर्रास चालतात. म्हणून तबला ‘लाइव्ह’ राहिला नाही असं कोणी म्हणत नाही.

क्राफ्टवेर्कच्या संगीतात लेहऱ्याचं काम सीक्वेन्सर करतो. सीक्वेन्सर म्हणजे स्वरांची क्रमवार यादी सांभाळणारं आणि ती न थकता वाजवून घेणारं यंत्र किंवा सॉफ्टवेअर : कुठला स्वर, कुठल्या मात्रेवर, किती वेळ, किती जोरात. तो आवाज साठवत नाही, सूचना साठवतो. भातखंड्यांच्या वहीत बंदिशीची स्वरलिपी असते, गायकाचा गळा नसतो, तसंच. गळ्याचं काम सिंथेसायझर करतो, म्हणजे विजेच्या कंपनांपासून आवाज घडवणारं वाद्य.

बराच गोंधळ इथेच होतो. टेप लावली तर आवाज गोठलेला असतो. चालू करणं, थांबवणं, कमीजास्त करणं, यापलीकडे हातात काही उरत नाही. सीक्वेन्सरला मात्र यादी तीच ठेवून गळा बदलता येतो. खर्जातली एकच ओळ गुदमरलेल्या आवाजात सुरू करायची आणि हळूहळू तिच्यावरचं झाकण उघडत न्यायची, हे काम फिल्टरची, म्हणजे आवाजातला टिपेचा भाग अडवणाऱ्या चाळणीची, घुंडी फिरवून त्या क्षणी होतं. झाकण किती भरभर उघडायचं हे समोरची गर्दी बघून ठरवता येतं.

प्रत्यक्षात लॅपटॉपवर दोन्ही प्रकार एकत्र नांदतात. काही थर यादीतून जिवंत घडतात, काही आधी ध्वनिमुद्रित केलेले तुकडे असतात. प्रमाण किती, हे बाहेरून सांगणं कठीण, आणि या गटाने आपल्या स्वयंपाकघराचं दार नेहमी लोटूनच घेतलेलं आहे.

## मग चौघांच्या हातात काय उरतं?

या दौऱ्यात ह्युटर आणि श्नायडर यांच्यासोबत फ्रिट्झ हिल्पर्ट आणि हेनिंग श्मित्झ होते. डाव्या टोकाला ह्युटर : गाणं त्याचं, आणि वरची सुरावट तो हाताने वाजवतो. बाकीच्यांकडे थर आत घेणं, बाहेर काढणं, त्यांचा पोत बदलणं, प्रतिध्वनीसारखे परिणाम टाकणं अशी कामं वाटलेली.

गळा तर उघड लाइव्ह आहे. ह्युटरचा आवाज साधा, थोडा बसका, कधी स्वराच्या काठावरून घसरणारा. यंत्रांच्या काटेकोर सुरांत ती घसरण लगेच कानात भरते. माझ्या मते या अल्बममधली सगळ्यांत मानवी गोष्ट तीच.

दुसरा आवाज व्होकोडरचा. व्होकोडर बोलण्याचे चढउतार घेऊन ते सिंथेसायझरच्या सुराला चढवतो. तुम्ही माइकमध्ये बोलता. यंत्र तुमच्या आवाजाचे खर्जापासून टिपेपर्यंत दहा-वीस पट्टे पाडतं, प्रत्येक पट्टा क्षणोक्षणी किती जोरात आहे ते मोजतं आणि सिंथेसायझरचे तेच पट्टे तेवढेच उघडतं-मिटतं. सूर यंत्राचा, उच्चार तुमचे. पंख्यासमोर बोलणाऱ्या मुलाचा आवाज चिरलेला येतो, त्याचा हा फार शिकलेला चुलतभाऊ. इथे चूक हमखास होते ती उच्चारांची : स, श, फ ही अक्षरं सुरात नसतातच, ती नुसती हवा असते. सिंथेसायझरच्या आवाजात टिपेचा भाग कमी असेल तर ‘स’ गायब होतो आणि शब्द कळेनासे होतात. उपाय म्हणून मूळ माइकचा फक्त वरचा भाग थोडासा मिसळतात.

आणखी एक अडचण प्रेक्षकांना दिसत नाही. लॅपटॉप आवाज थेंबाथेंबाने वाढत नाही, वाट्या भरून वाढतो. या वाटीला बफर म्हणतात. सेकंदाला ४४,१०० नमुने (आवाजाची क्षणाक्षणाची मोजमापं) या सीडीच्या गतीने २५६ नमुन्यांची वाटी भरायला जवळजवळ ६ मिलिसेकंद लागतात. १,०२४ ची वाटी घेतली तर २३. हाताने वाजवणाऱ्याला २० मिलिसेकंदांच्या पुढचा उशीर खुपू लागतो : बोट आधी, सूर मागून. मग वाटी लहान का ठेवू नये? कारण वाढप्याला जास्त फेऱ्या माराव्या लागतात. प्रोसेसर दमला की पंगतीत कोणाची तरी वाटी रिकामी राहते आणि कर्ण्यातून चट्चट् आवाज येतो. हजारो वॉटच्या ध्वनियंत्रणेवर ते चट्चट् गोळीबारासारखं वाटतं.

## वन्समोअरची कसोटी

जुन्या संगीत नाटकांत प्रेक्षक ‘वन्समोअर’ देत आणि नट तेच पद पुन्हा, नव्या ताना घेऊन गात. लाइव्ह आहे की नाही हे ओळखायची याहून सोपी कसोटी नाही : समोरच्याने मागितलं तर जास्त देता येतं का?

टेपला नाही देता येत. सीक्वेन्सरला येतं, कारण आठ किंवा सोळा मात्रांचा तुकडा आणखी चार वेळा फिरवणं हे त्याच्या स्वभावातच आहे. पण पाठीमागे पडद्यावर गाण्याच्या ठोक्याला बांधलेली चित्रफीत चालू झाली की लवचीकपणा कमी होतो. चित्र अमुक सेकंदाला संपणार असेल तर गाण्यालाही तिथेच यावं लागतं. क्राफ्टवेर्कचा कार्यक्रम बराचसा असा बांधलेला आहे आणि त्या बाबतीत टीका खरी आहे. तो मैफलीपेक्षा नाटकाच्या प्रयोगाच्या जास्त जवळ जातो. संहिता ठरलेली, नेपथ्य ठरलेलं, प्रवेश ठरलेले. तरी शंभरावा प्रयोग पहिल्यासारखा नसतो आणि कोणी त्याला ‘रेकॉर्ड लावली’ म्हणत नाही.

इथवर यायलाही त्यांना तीस वर्षं लागली. सत्तरच्या दशकातले सिंथेसायझर तापमानाला हळवे : मंचावरचे दिवे तापले की सूर सरकायचा. वाद्य अर्धा तास आधी चालू ठेवून तापवायचं, मग लावायचं आणि दोन गाण्यांच्या मध्ये पुन्हा तपासायचं. तानपुऱ्याच्या जव्हारीसारखाच रोजचा व्याप. १९८१ च्या दौऱ्यात तर त्यांनी आख्खा स्टुडिओच मंचावर मांडला. त्यात प्रत्येक देशाची वीज वेगळी : युरोपात २२० ते २४० व्होल्ट, अमेरिकेत १२०, जपानात १००. जमिनीला जोडणारी तार नीट नसेल तर सगळ्यावर ५० किंवा ६० हर्ट्‌झची घूं चढायची. लॅपटॉप आले आणि यातला बहुतेक बोजा उतरला. २००४ मध्ये एवढी शहरं फिरणं शक्य झालं त्यामागे हे साधं कारण आहे.

## वॉर्सा, मॉस्को, टोकियो : एका मैफलीत इतकी शहरं?

अल्बमवर प्रत्येक गाण्यासोबत शहराचं नाव आहे. ‘द मॅन-मशीन’ वॉर्साचं, ‘ऑटोबान’ बर्लिनचं, ‘द मॉडेल’ लंडनचं. ऐकताना मात्र सलग कार्यक्रम ऐकल्यासारखं वाटतं. हे कसं जमतं?

साधं गणित करू. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत तीन मिनिटांत ३६० ठोके पडतात. चांगला ढोलवादकही दुसऱ्या रात्री एखाद्या टक्क्याने वर जातो. १२१.२ च्या लयीत तेच ३६० ठोके १७८.२ सेकंदांत संपतात, म्हणजे १.८ सेकंदांचा फरक. साडेतीन ठोके! पहिल्या रात्रीचा अर्धा भाग दुसऱ्या रात्रीला जोडायला गेलात तर सांधा ओरडून सांगेल. आपल्या ख्यालात तर लय मुद्दामच वाढत जाते. तिथे जोडकाम विसराच.

यंत्राचं घड्याळ वॉर्सात आणि टोकियोत सारखंच चालतं. १९८३ मध्ये ठरलेल्या मिडी या पद्धतीत, म्हणजे वाद्यांनी एकमेकांशी बोलायच्या सामायिक भाषेत, दर ठोक्याला २४ टिकटिक पाठवल्या जातात आणि सगळी वाद्यं त्यावर चालतात. त्यामुळे दोन रात्रींची मुद्रणं शेजारी ठेवली की ठोक्यावर ठोका बसतो आणि कापायचं कुठे हे निवडता येतं.

ही गंमत ऐकायची असेल तर दुसऱ्या सीडीवर ‘पॉकेट कॅल्क्युलेटर’ लावा. गाणं मॉस्कोत चालू होतं आणि त्याला लागूनच त्याचाच जपानी अवतार, ‘देन्ताकू’, टोकियोहून येतो. देन्ताकू म्हणजे जपानीत हिशोबाचं छोटं यंत्र. गाणं तेच, पण हॉल बदलतो, गर्दीचा पोत बदलतो. हेडफोन लावून सांध्याच्या आसपास फक्त मागचा गलका ऐका.

## टाळ्या नंतर चिकटवतात का?

कधी कधी, हो. पण टाळ्या न चिकटवताही त्या खोट्या वाटू शकतात, आणि त्याचं कारण वेगळं आहे.

तबल्यासमोर माइक ठेवला की त्यात तबल्यासोबत खोलीही येते. सिंथेसायझरला माइक लागतच नाही. तार थेट मिक्सरमध्ये, म्हणजे सगळे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्रात. त्या तारेत ना हॉल, ना खोकला. नुसती तेवढीच नोंद वापरली तर ती स्टुडिओसारखीच वाटेल. म्हणून प्रेक्षकांसाठी वेगळे माइक लावावे लागतात आणि खरी डोकेदुखी तिथून सुरू होते.

आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे मीटरमागे ३ मिलिसेकंद. माइक कर्ण्यांपासून २० मीटरवर असेल तर तोच ठोका त्यात ५८ मिलिसेकंद उशिरा पोचतो. तारेची नोंद आणि हा माइक तसेच मिसळले तर प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येतो. यावर उपाय म्हणजे माइकची पट्टी, म्हणजे त्याची स्वतंत्र नोंद (ट्रॅक), तेवढी आधी सरकवून ठोके जुळवणं. पण मंचाच्या कडेला ठेवलेल्या माइकसाठी हा आकडा वेगळा, बाल्कनीतल्यासाठी वेगळा. प्रत्येक जोडी स्वतंत्र जुळवावी लागते. दुसरं, प्रेक्षक-माइकमध्ये खर्जाचा गढूळपणा फार येतो. तो १०० ते १५० हर्ट्‌झच्या खाली कापून टाकतात, कारण खर्ज तारेतून स्वच्छ मिळालेला आहेच.

छोट्या सभागृहात आपल्या गटाचा कार्यक्रम मुद्रित करणाऱ्यांनी एवढं पाळलं तरी पुष्कळ : सगळे थर एकत्र दोन पट्ट्यांत न घेता वेगवेगळे घ्या (खर्ज, ठोके, सुरावट, गळा, व्होकोडर). नोंद २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झवर करा आणि आवाजाची शिखरं कमालपातळीच्या १० ते १२ डेसिबल खालीच ठेवा. अंकीय मुद्रणात फाटलेला आवाज शिवता येत नाही. प्रेक्षकांसाठी निदान दोन माइक, मंचाच्या कडेला, तोंड लोकांकडे आणि पाठ कर्ण्यांकडे. कार्यक्रमाआधी मंचावरून एक कोरडी टाळी वाजवून घ्या. नंतर पट्ट्या जुळवताना तीच खूण कामी येते. अशा ३२ पट्ट्या दोन तास मुद्रित केल्या तर साधारण ३३ गिगाबाइट होतात. एकाच डिस्कवर भरवसा ठेवू नका.

मिसळताना प्रेक्षक किती घ्यायचे हा शेवटी चवीचा प्रश्न. फोडणीसारखा, कमी पडली तर आळणी, जास्त झाली तर जळकट. ‘मिनिमम-मॅक्सिमम’मध्ये ती बेताची आहे. याच गटाच्या २०१७ च्या ‘थ्री-डी द कॅटलॉग’मध्ये प्रेक्षक इतके पुसले आहेत की लाइव्ह आहे हे सांगावं लागतं. त्याला २०१८ चं ग्रॅमी मिळालं. ‘मिनिमम-मॅक्सिमम’ नामांकनावरच थांबलं होतं. तरी पहिल्यांदा ऐकणाऱ्याने २००५ चाच घ्यावा.

## मूळ गाणी असताना हा का ऐकायचा?

सगळीच गाणी ऐकलीच पाहिजेत असं नाही. ‘द मॉडेल’ मुळातल्यापेक्षा फारसं काही वेगळं देत नाही. ‘ऑटोबान’ बावीसवरून नऊएक मिनिटांवर आलं आहे. ज्यांना तो लांबलचक प्रवासच प्रिय आहे त्यांना हे बसच्या खिडकीतून गाव बघितल्यासारखं वाटेल.

‘रेडिओॲक्टिव्हिटी’ मात्र वेगळंच गाणं झालं आहे. १९७५ मध्ये त्यात रेडिओ आणि किरणोत्सर्ग यांवरचा निर्विकार श्लेष होता. १९९१ मध्ये त्यांनी त्याला ‘थांबवा’ हा शब्द जोडला आणि चेर्नोबिल, हिरोशिमा ही नावं घातली. या अल्बममधल्या वॉर्साच्या मुद्रणाची सुरुवात इंग्लंडमधल्या सेलाफील्डच्या अणुप्रकल्पाविषयीच्या यांत्रिक आवाजातल्या इशाऱ्याने होते. पोलंडच्या राजधानीत, चेर्नोबिलचा ढग ज्या भागावरून गेला तिथे, हे गाणं वाजतंय ही जाणीव ठेवून ऐकलं तर शहराचं नाव लिहिण्याचा अर्थ कळतो.

विकत घेताना एवढं बघा : अल्बम इंग्रजी आणि जर्मन अशा दोन आवृत्त्यांत निघाला आहे. चित्रफितीची डीव्हीडी वेगळी.

## पुतळेच का नाही उभे करत?

ही शंका प्रेक्षकांच्या आधी क्राफ्टवेर्कनेच काढली. ‘द रोबोट्स’ या गाण्याला पडदा मिटतो, पुन्हा उघडतो आणि माणसांच्या जागी त्यांच्याच चेहऱ्याचे यंत्रमानव उभे असतात, हात हलवत. अल्बममधलं हे गाणं मॉस्कोचं आहे. १९७८ च्या मूळ गाण्यातच दोन रशियन ओळी होत्या : मी तुझा सेवक, मी तुझा कामगार. नुसता आवाज ऐकणाऱ्याला मंचावर माणसं आहेत की पुतळे, हे कळायला काही मार्ग नाही.

नोव्हेंबर २००८ मध्ये मेलबर्नला कार्यक्रम सुरू व्हायच्या ऐनवेळी चौघांपैकी एकाची तब्येत बिघडली. लॅपटॉप होते, गाणी त्यांत भरलेली होती, लोक जमले होते. उरलेल्या तिघांनी कार्यक्रम रद्द केला.